मिरजेची जवारी आणि विद्युत् गिटार

विद्युत् गिटारीचा आवाज आमच्या सुशिक्षित घरांना आतां नवा राहिलेला नाहीं. मुंबई-पुण्याची गोष्ट बाजूस ठेवली, तरी यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या गांवींहि कॉलेजच्या स्नेहसंमेलनांत एखादा विद्यार्थी हें वाद्य गळ्यांत अडकवून रंगमंचावर येतो, आणि पहिला आघात होतांच पुढच्या रांगेंतील वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. "यांत स्वर कोठें आहे? ही तर नुसती खरखर!" हा त्यांचा ठरलेला अभिप्राय. मुलांपाशीं त्यावर उत्तर नसतें; तीं आपल्या खोलीचें दार लावून घेतात आणि तीच खरखर अधिक हुबेहूब कशी काढतां येईल या खटपटीस लागतात.

वडिलांच्या या अभिप्रायांत एक गृहीत गोष्ट दडलेली आहे. शुद्ध स्वर म्हणजे गुळगुळीत, निर्मळ, कोठेंहि न घासणारा स्वर, आणि त्यांत जें कांहीं घर्षण मिसळेल तो दोष, असें तें गृहीत आहे. आमच्या मतें तें आमच्याच संगीताच्या इतिहासास धरून नाहीं. तारेच्या स्वरांत जाणूनबुजून खरखर आणणें, ती मापून आणणें, आणि तिच्यावांचून स्वर निर्जीव समजणें, ही कला महाराष्ट्रास सुमारें आठशें वर्षें ओळखीची आहे. तिला आम्ही जवारी म्हणतों. जवारीचा वृत्तांत आणि गिटारीच्या खरखरीचा वृत्तांत हे दोन्ही शेजारीं ठेवून वाचले, तर वडील व मुलगे यांचें भांडण वाटतें तितकें मोठें नाहीं, असें दिसून येईल.

तंबोऱ्याची घोडी ज्यांनीं जवळून पाहिली आहे, त्यांस हें सांगावयास नको कीं, ती व्हायोलिनच्या घोडीसारखी पातळ धारेची नसते. ती रुंद असते, आणि तिचा माथा डोळ्यांस सपाट दिसला तरी त्यास अगदीं हलका उतार असतो. व्हायोलिनची तार घोडीच्या धारेवरून एकदम सुटते. तंबोऱ्याची तार मात्र कंप पावत असतां त्या उतारावर पुनःपुन्हां टेकते आणि उठते. या टेकण्या-उठण्यांतून जो झंकार निघतो, ती जवारी. तार व घोडी यांच्यामध्यें सुताचा एक दोरा सरकवून हा झंकार जुळवावा लागतो. दोरा केसभर इकडे झाला तर स्वर मुका होतो, केसभर तिकडे झाला तर पत्र्यासारखा वाजतो. मधल्या एकाच जागीं तो खुलतो. कापसाच्या मुलखांत राहणाऱ्या आम्हां यवतमाळकरांस एवढा अभिमान वाटण्यास हरकत नाहीं कीं, थोर थोर गवयांचा षड्ज ज्या धाग्याच्या आधारावर जिवंत होतो, तो धागा कापसाचा आहे.

ही युक्ति कालपरवांची नव्हे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ लिहिला. त्याच्या वाद्याध्यायांत एकतंत्री वीणेचें वर्णन आहे, आणि त्यांत तारेखालीं बसवावयाच्या बांबूच्या एका बारीक चिपेचा उल्लेख येतो. तिचें नांव 'जीवा'. ती चीप नसली तरी तार वाजेल. परंतु तिच्या स्वरास भरीवपणा येणार नाहीं. आजहि गवई मंडळी घोडीवरील दोऱ्यास 'जीवा' म्हणतात, आणि त्या शब्दांत 'जीव' ऐकूं आल्यावांचून राहत नाहीं. शिष्टसंगीताचीच ही आवड होती असेंहि नाहीं. गोंधळ्याचें तुणतुणें घ्या, किंवा आमच्या जिल्ह्यांतील परधान लोक ज्या किंगरीच्या साथीनें गोंडांच्या कुळकथा गात आले ती किंगरी घ्या. त्यांचा स्वर तुळतुळीत कधींच नव्हता, आणि ऐकणारांस तो तसा नकोहि होता.

जवारीच्या विद्येस आधुनिक काळांत घर मिळालें तें मिरजेंत. तेथील वाद्यकारांचें मूळ घराणें शिकलगारांचें, म्हणजे तलवारी-भाल्यांस धार लावणारांचें, असें परंपरेनें सांगितलें जातें. इंग्रजी अंमलांत शस्त्रांचा धंदा बसला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब सतारमेकर यांनीं पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानें तंतुवाद्यें दुरुस्त करण्यास व पुढें घडविण्यास आरंभ केला. पंढरपूर-मंगळवेढें या भागांतील मोठाले भोपळे, त्यांवर बसविलेली लांकडी तबली व दांडी, आणि शेवटीं घोडीचा माथा कानशीनें घासून काढलेली जवारी, असा या वाद्याचा जन्मक्रम आहे. पातें घासून त्याची धार पाहणारा हात घोडी घासून तिचा स्वर पाहूं लागला, यांत आम्हांस मोठेंसें नवल वाटत नाहीं. दोन्ही कामांत चूक होते ती एका घासण्यानें, आणि झालेली चूक परत भरून निघत नाहीं.

या कारागिरांस जे चोखंदळ गिऱ्हाईक लाभले, त्यांत अब्दुल करीमखांसाहेब (१८७२–१९३७) अग्रभागीं होते. मिरज ही त्यांची कर्मभूमि, आणि त्यांची कबरहि तेथेंच, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत आहे. तंबोरा लावण्यांत त्यांचा हातखंडा होता. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यांत पंचम-षड्जाच्या चारच तारा छेडल्या जात असतां न छेडलेला गंधार आपोआप उमटतो, आणि गवई त्यास 'स्वयंभू' म्हणतात. हा गंधार बाहेरून येत नाहीं; तो षड्जाच्या तारेच्या पोटांतच असतो. जवारी त्यास वर आणते एवढेंच.

हें कसें घडतें याकडे एका मोठ्या शास्त्रज्ञाचें लक्ष गेलें होतें. टॉमस यंग या इंग्रज पंडिताच्या नांवानें एक नियम आहे. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वराची गांठ पडत असेल, तो उपस्वर त्या तारेंतून उमटूं नये, असा तो नियम होय. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं हिंदी तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. तंबोरा व वीणा या वाद्यांत हा नियम चालत नाहीं, जे उपस्वर गप्प असावयाचे तेच येथें ठळकपणें ऐकूं येतात, आणि याचें कारण घोडीच्या विशिष्ट घडणींत आहे, हें त्यांनीं त्यांत दाखविलें. युरोपीय वाद्यांत जी गोष्ट घडत नाहीं, ती आमच्या कारागिरांनीं नुसत्या कानाच्या जोरावर साधली होती, याची ही शास्त्रानें दिलेली पावतीच म्हणावयाची.

आतां समुद्रापलीकडे वळूं. गिटारीचें पोट लहान, म्हणून तिचा आवाजहि लहान. वाद्यवृंदांत ती बुडून जात असे. यावर उपाय म्हणून १९३१ च्या सुमारास अमेरिकेंत जॉर्ज बीचम व ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनीं तारांखालीं लोहचुंबक व तारेचें वेटोळें बसवून कंपनांचें विजेंत रूपांतर केलें, आणि ती वीज व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून स्पीकरकडे पाठविली. शोधकांची इच्छा एवढीच होती कीं, गिटारीचा मूळचा निर्मळ स्वर मोठा व्हावा. तो खरखरला तर यंत्र नापास समजावयाचें.

पुढें जें झालें तें याच्या अगदीं उलट. १९५१ सालीं आइक टर्नरच्या वाद्यमेळांतील विली किझार्ट हा गिटारवादक मेंफिस शहरीं ध्वनिमुद्रणासाठीं निघाला असतां वाटेंत त्याचा अ‍ॅम्प्लिफायर बिघडला. दुरुस्तीस वेळ नव्हता, म्हणून स्पीकरमध्यें कागद कोंबून तसेंच वादन मुद्रित केलें. 'रॉकेट ८८' या मुद्रिकेंतील ती खरखर लोकांस आवडली. १९५८ सालीं लिंक रे यानें तोच परिणाम मुद्दाम साधण्यासाठीं आपल्या स्पीकरच्या कागदास पेन्सिलीनें भोंकें पाडलीं. नॅशव्हिल येथें मार्टी रॉबिन्सच्या एका गीताच्या मुद्रणांत यंत्राचा एक भाग नादुरुस्त होऊन ग्रेडी मार्टिनचें वादन भरभरलें. १९६१ सालीं तें गीत गाजलें, आणि १९६२ सालीं तसाच बिघाड हुकमी उत्पन्न करणारी एक पेटी गिब्सन कंपनीनें बाजारांत आणली. १९६४ सालीं लंडनमध्यें 'दि किंक्स' या मंडळींतील डेव्ह डेव्हिस या कोवळ्या पोरानें दाढीच्या पात्यानें स्पीकरचा कागद चिरला, आणि त्या चिरलेल्या स्वरानें साऱ्या इंग्लंडास वेड लावलें.

कागदाचा बोळा, पेन्सिलीचें टोंक, दाढीचें पातें. शार्ङ्गदेवाच्या बांबूच्या चिपेचीं हीं अमेरिकन व इंग्रज भावंडें आहेत, असें आम्हांस वाटतें. फरक इतकाच कीं, आमच्याकडे ही गोष्ट शास्त्रग्रंथांत विधि म्हणून नोंदली गेली, तिकडे ती अपघातानें सांपडली.

हें साम्य केवळ कवित्वाचें नाहीं. व्हॉल्व्ह किती वीज पुढें नेऊं शकेल यास एक मर्यादा असते. तिच्यापलीकडे ढकललें, कीं लाटेचे माथे छाटले जातात. आणि छाटलेल्या लाटेंत, मूळ लाटेंत जे नव्हते किंवा दुबळे होते, असे उपस्वर प्रकट होतात. मिरजेचा कारागीर घोडीच्या उतारानें तारेच्या हालचालीस आडवा येतो. अ‍ॅम्प्लिफायर विजेच्या लाटेस आडवा येतो. निर्मळ कंपनास अडवून त्याच्यांतून अधिक स्वर काढणें हें दोहोंचें तत्त्व एकच.

भेदहि सांगितला पाहिजे. तंबोऱ्यांत प्रत्येक तारेची जवारी स्वतंत्र असते. गिटारींत सर्व तारांची वीज एकाच वाटेनें जाते. म्हणून छाटणी होतांना त्यांचे स्वर एकमेकांत मिसळतात, आणि त्यांच्या बेरजेचे व वजाबाकीचे नवे स्वर उत्पन्न होतात. षड्ज व पंचम यांचें प्रमाण २:३. त्यांची वजाबाकी १, म्हणजे खालच्या सप्तकांतला षड्जच. म्हणून खरखरत्या गिटारीवर षड्ज-पंचमाची जोडी दणदणीत, एकजीव वाजते, आणि रॉक संगीताचा बहुतेक डोलारा त्याच जोडीवर उभा आहे. त्यांत गंधार मिळवला, कीं गढूळपणा येतो. कारण गिटारीचे पडदे समविभागी सप्तकाचे; त्यांवरचा गंधार स्वयंभू गंधाराहून अर्ध्या स्वराच्या सुमारें सातव्या हिश्श्यानें चढा असतो, आणि छाटणींत हा बेबनाव कितीतरी पटींनीं वाढून कानावर येतो. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं व क्लेमेंट्स यांनीं १९१३ सालीं आपापल्या ग्रंथांतून श्रुतींचीं जीं मापें मांडलीं, आणि हार्मोनियमच्या स्वरांवर त्या काळीं जे आक्षेप आले, त्यांची आठवण येथें सहज होते. गंमत ही कीं, श्रुतिवादाचा गंधहि नसलेल्या इंग्रज पोरांनीं गंधार टाळून षड्ज-पंचम धरला. त्यांना तें कानानें सुचलें. आणि षड्ज-पंचम म्हणजे तंबोराच नव्हे काय?

या दोन प्रवाहांची गांठ पडली ती आमच्या मुंबईंत. १९६५ च्या आरंभीं हेच 'किंक्स' ऑस्ट्रेलियास जातां जातां मुंबईस उतरले होते. पहांटे कामास निघालेल्या कोळ्यांचे गातांनाचे सूर डेव्हचा भाऊ रे डेव्हिस याच्या कानीं पडले, आणि त्याच वर्षीं जुलैमध्यें प्रसिद्ध झालेल्या 'सी माय फ्रेंड्स' या गीतांत त्यानें गिटारीचा एक स्वर तंबोऱ्यासारखा अखंड धरून ठेवला. बीटल्सच्या मुद्रिकेंत सतार ऐकूं आली ती त्यानंतर, वर्षाच्या अखेरीस. पुढें १९६७ सालीं न्यूयॉर्कच्या व्हिन्सेंट बेल यानें 'कोरल' नांवाची विद्युत् सतार सिद्ध केली. ती मुळांत गिटारच. परंतु तिची घोडी रुंद व चपटी करून तारांना तिच्यावर घासावयास लावलें होतें. ज्या घोडीचें रहस्य रामन यांनीं उलगडलें होतें, तिची ही अमेरिकन प्रतिकृति.

आमच्या विद्यार्थ्यांना मोह पडतो तो मात्र याहून थोड्या अलीकडच्या स्वराचा. १९८० नंतर अमेरिकेंत मोठ्या कंपन्यांच्या झगमगाटास विटलेल्या तरुणांनीं जें संगीत रचलें, त्यास 'ऑल्टर्नेटिव्ह रॉक' असें नांव पडलें. जॉर्जियांतील 'आर. ई. एम.', बोस्टनचे 'पिक्सीज', आणि १९९१ सालीं 'नेव्हरमाइंड' या मुद्रिकेनें जगभर पोंचलेले 'निर्वाणा' हीं त्यांतलीं ठळक नांवें. त्याच वर्षीं उपग्रहाच्या द्वारें परदेशी दूरचित्रवाणी हिंदुस्थानांत उतरूं लागली, आणि केबलच्या तारेबरोबर हा स्वर यथावकाश जिल्ह्यांच्या गांवीं येऊन पोंचला. मुंबईंत त्याची वाट आधींच तयार होती. 'रॉक मशीन' ही मंडळी १९८४ पासून वाजवीत होती, आणि १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनांत रॉक संगीताचा वार्षिक मेळा भरूं लागला होता.

या संगीतांतला गिटारीचा जो एक विशिष्ट स्वर आहे, त्याचें वर्णन मराठींत करावयाचें तर 'उजळ आणि कुरकुरीत' असें करावें लागेल. त्यांत गडगडाट नाहीं. ताजा पापड मोडावा तसा प्रत्येक आघात सुटा ऐकूं येतो, आणि तरीहि त्याच्या कडांना खरखर असते. हा स्वर पुन्हां हुबेहूब काढणें हा आमच्याकडील मुलांचा आवडता उद्योग. बहुतेकांची पहिली समजूत अशी असते कीं, खरखरीची पेटी जितकी जास्त फिरवावी तितका तो स्वर जवळ येईल. होतें उलटेंच. माथे अति छाटले गेले म्हणजे सर्व आघात सारखेच होतात, हलका-जड हात यांतला भेद मरतो, आणि स्वर चिखलांत रुततो. आमच्या वसतिगृहांतील मुलांचे प्रयोग ऐकतां ऐकतां आम्हांस जें उमगलें तें असें: खरखर निम्म्यावर आणावी. घोडीजवळचा चुंबक निवडावा. कारण तेथें तारेचे वरचे उपस्वर प्रबळ असतात. खर्जाचा भाग छाटणीच्या आधींच कमी करावा, नाहींतर तोच प्रथम माथा आपटून बाकीचें सर्व गढूळ करतो. लहान अ‍ॅम्प्लिफायर मोठ्यानें वाजवावा. मोठा अ‍ॅम्प्लिफायर दबकत वाजवून तें साधत नाहीं. आणि स्पीकर गिटारीचाच असावा. तो अति तीव्र उपस्वर स्वतःच गिळतो, म्हणून खरखर कानास टोंचत नाहीं. इतकें करून झाल्यावर उरतो तो हात. एकच वाद्य, एकच पेटी, परंतु दोन मुलांच्या हातांत दोन स्वर निघतात. तार दाबण्याचा जोर, आघाताची जागा, आणि नको असलेली तार तळहाताच्या कडेनें गप्प करण्याची संवय, यांना कोणत्याहि पेटीवर खुंटी नाहीं.

येथें आमच्या मूळ प्रश्नाचें खरें मर्म येतें. नक्कल करणारीं यंत्रें आतां फार हुशार झालीं आहेत. १९९८ पासून गणकयंत्राच्या द्वारें प्रसिद्ध अ‍ॅम्प्लिफायरांचे स्वर एका लहान डबींत मिळूं लागले, आणि २०११ नंतर एखाद्या अ‍ॅम्प्लिफायरची स्वरमुद्रा नमुना म्हणून उतरवून घेणारीं यंत्रें निघालीं. आमच्या बाजूस इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, आणि आतां तर तो मोबाइल फोनमध्यें जाऊन बसला आहे. रियाजास तो सोयीचा आहे हें कोणीहि नाकारणार नाहीं. परंतु सोयीची किंमत आम्ही मोजतों ती कानांनीं. ज्या घरांत फोनमधला तंबोरा चालतो, तेथील मुलास दोरा केसभर सरकवल्यानें स्वर खुलतो म्हणजे काय होतें, हें कळण्याची संधीच येत नाहीं. तयार मिळालेली जवारी ऐकूं येते. ती काढतां मात्र येत नाहीं, आणि जी काढतां येत नाहीं ती बिघडली तर ओळखतांहि येत नाहीं.

मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ही आनंदाची गोष्ट. मानांकनानें नांवाचें रक्षण होतें. परंतु जवारी काढणाऱ्या माणसाचें रक्षण त्याच्याकडे घोड्या येत राहिल्या तरच होतें. तंबोरा हें एकदां विकत घेऊन भिंतीस टेकवून ठेवावयाचें वाद्य नव्हे. तार घोडीवर घासून घासून तिच्यांत चरे पाडते, जवारी बसते, आणि माथा पुन्हां घासून घ्यावा लागतो. आमच्या जिल्ह्यांत, यवतमाळास म्हणा, पुसदेस म्हणा, वणीस म्हणा, हौसेनें घेतलेले तंबोरे आहेत. त्यांतल्या कित्येकांची घोडी वर्षानुवर्षें कोणीं पाहिली नसेल, आणि "आमचा तंबोरा आतां पूर्वींसारखा बोलत नाहीं" असें म्हणून फोनकडे वळलेले लोकहि आमच्या माहितींत आहेत.

आमची सूचना साधी आहे. ज्या वडिलांना मुलाची गिटार खरखरते असें वाटतें, त्यांनीं घरचा तंबोरा खालीं काढून त्याची जवारी शिल्लक आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. आणि मिरजेचा एखादा कारागीर वर्षांतून एकदां या बाजूस येऊन चार दिवस राहील, अशी व्यवस्था आमच्या संगीतप्रेमी मंडळांनीं वर्गणी काढून करावी. तो घोडी घासावयास बसेल तेव्हां गिटारवाल्या मुलांना मुद्दाम त्याच्या शेजारीं बसवावें. कानशीचे दोन हात, मग तार छेडणें, मग पुन्हां कानशीचा अर्धा हात, मग बराच वेळ नुसतें ऐकणें, हें काम तीं मुलें लगेच ओळखतील. खोलीचें दार लावून घेऊन तींहि तेंच करीत असतात.